कंपवातात घास सुखरूप उतरावा म्हणून

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष हातापायांवर लागते. थरथर वाढली का, चाल मंदावली का, वळताना तोल जातो का, हे रोज पाहिले जाते आणि डॉक्टरांना सांगितलेही जाते. ताटावर काय चालले आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वीस मिनिटांत जेवून उठणारे बाबा आता पाऊण तास ताटावर असतात. आईने न सांगता भाकरी सोडून भात धरलेला असतो. चहा पिताना ठसका लागतो म्हणून काका चारचौघांत चहाच नको म्हणतात. हे सगळे ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. ते तसे सोडू नका. घास उतरण्यातला त्रास हा या आजाराचाच भाग आहे, तो तपासता येतो आणि त्यावर बरेच काही करता येते.

हा त्रास नवा नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हाच लाळ गळणे आणि घास गिळताना होणारे हाल त्यांनी नोंदवले होते. तरीही तो नजरेतून सुटतो, कारण बहुतेक वेळा रुग्णालाच तो जाणवत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध केला. ‘गिळायला त्रास होतो का?’ असे विचारल्यावर सुमारे ३५ टक्के रुग्णांनी होकार दिला होता. प्रत्यक्ष तपासणीत मात्र सुमारे ८२ टक्के रुग्णांच्या गिळण्यात दोष आढळले होते. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ या उत्तरावर विसंबून राहू नये.

घास उतरतो कसा, अडतो कुठे

आपण दिवसभरात शेकडो वेळा गिळतो आणि त्यासाठी एकदाही विचार करत नाही. या क्रियेत पंचवीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या भाग घेतात. ओठ मिटतात, दात घास चावतात, जीभ तो गोळा करून मागे ढकलते. घास घशात पोचला की सेकंदभरात बरेच काही घडते. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. वेळ साधली तर घास पोटात जातो. ती चुकली तर त्याचा काही भाग श्वासाच्या वाटेला लागतो.

कंपवातात या प्रत्येक टप्प्याची गती आणि ताकद कमी होते. जीभ घास मागे ढकलण्याऐवजी पुढेमागे हलवत राहते. चावलेले अन्न गालात आणि टाळूला चिकटून राहते. गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते, तेवढ्यात पातळ पाणी पुढे सरकलेले असते. स्वरयंत्र पुरेसे वर उचलले जात नाही. गिळून झाल्यावर घशाच्या खाचांत अन्न उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर खाली घसरू शकते.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे घशाची संवेदना मंदावते. निरोगी माणसाला पाण्याचा एक थेंब चुकीच्या वाटेने गेला तरी जोराचा ठसका लागतो. कंपवातात अनेकदा तो लागत नाही, आणि लागला तरी खोकल्यात जोर नसतो. अन्न, पाणी किंवा लाळ आवाज न करता फुप्फुसात उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. या आजारातल्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत न्यूमोनिया मोडतो. ठसका लागत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज म्हणूनच मनातून काढून टाकावा.

हातापायांचा ताठरपणा लेव्होडोपाच्या गोळीने कमी होतो, तसे गिळणेही सुधारेल अशी आशा असते. काहींना तसा फायदा होतो, सगळ्यांना नाही. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली या आजारातल्या मेंदूत ज्या विशिष्ट गाठी पाहिल्या, त्या घसा आणि पचनमार्गाशी संबंध असलेल्या व्हेगस नसेच्या केंद्रातही होत्या. म्हणजे बिघाड फक्त लेव्होडोपा ज्याची उणीव भरून काढते त्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनापुरता नसतो. चालणे चांगले असूनही गिळणे बिघडलेले असू शकते.

ही लक्षणे टिपून ठेवा

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढची यादी शुभंकरांनी वाचावीच, शुभार्थींनीही वाचावी.

• खाताना-पिताना किंवा त्यानंतर लगेच खोकला, ठसका, घसा खाकरणे.
• जेवणानंतर आवाज ओला, घोगरा, गुळण्या केल्यासारखा येणे.
• जेवणाला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागणे, अर्ध्या ताटावर दमून जाणे.
• जेवण संपल्यावरही गालात, टाळूला किंवा कवळीखाली अन्न सापडणे.
• एका घासासाठी दोन-तीनदा गिळावे लागणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे.
• गोळ्या घशात अडकणे किंवा बऱ्याच वेळाने तोंडात तशाच सापडणे.
• लाळ ओघळणे, उशी ओली होणे.
• काही पदार्थ आपोआप टाळले जाणे, लोकांसमोर खाणे नको वाटणे.
• प्रयत्न न करता वजन उतरणे.
• वारंवार ताप, छातीत घरघर, ‘कफ’ किंवा न्यूमोनिया.

यातल्या वजनाची नोंद प्रत्येक घरात ठेवता येते. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन ते सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. दुसरे काम आणखी सोपे आहे. शुभार्थींना विचारून एका जेवणाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. दवाखान्यात शब्दांत नीट सांगता येत नाही ते डॉक्टरांना त्यात दिसते.

आणखी एक बाब लक्षात असू द्या. साध्या कंपवातात गिळण्याचा ठळक त्रास सहसा काही वर्षांनी दिसतो. आजाराच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच तो जोरात सुरू झाला, तर कंपवातासारखे दिसणारे दुसरे आजारही तपासावे लागतात. न्यूरॉलॉजिस्टना हे जरूर सांगा.

तपासणी कोणाकडे आणि कशी

गिळण्याची तपासणी आणि उपचार स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाक्-भाषा उपचारतज्ज्ञ करतात. नावामुळे अनेकांना वाटते की हे फक्त तोतरेपणासाठी किंवा मुलांच्या उशिरा बोलण्यासाठी असतात. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे सारखेच, म्हणून दोन्ही कामे त्यांच्याकडे येतात. जाताना एवढे पाहा की त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे आणि प्रौढांच्या गिळण्यावर काम केल्याचा अनुभव आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या विषयाचे शिक्षण दिले जाते. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्याकडेही तज्ज्ञांविषयी चौकशी करता येईल.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ ओठ, जीभ, आवाज आणि खोकल्याचा जोर तपासतात, वेगवेगळे पदार्थ थोडे थोडे देऊन पाहतात. गरज वाटली तर दोनपैकी एक तपासणी सुचवली जाते. एकीत बेरियम मिसळलेले अन्न खायला देऊन गिळताना एक्स-रेचे चलचित्र घेतात. दुसरीत नाकावाटे बारीक दुर्बीण घशापर्यंत नेऊन, रुग्ण गिळत असताना आतले दृश्य पडद्यावर पाहतात. ठसका न लागता श्वासनलिकेत जाणारे अन्न अशाच तपासणीत खात्रीने दिसते. कोणत्या घनतेचा पदार्थ सुरक्षित आहे आणि मान कशी ठेवल्यास फायदा होतो, हेही तिथेच ठरवता येते. म्हणून शेजारच्या रुग्णाला दिलेला सल्ला आपल्या माणसाला जसाच्या तसा लागू करू नका.

बसणे, घास आणि घोट

आधी जेवणाची वेळ जमवा. गोळीचा असर असतो तो काळ ‘ऑन’ आणि असर ओसरलेला काळ ‘ऑफ’, हे शब्द बहुतेक शुभार्थींच्या तोंडी असतात. जेवण ‘ऑन’ काळात असावे. लेव्होडोपा साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतात, कारण प्रथिने आणि हे औषध आतड्यातून शोषले जाताना एकमेकांशी स्पर्धा करतात. आधी घेतलेली गोळी जेवायच्या वेळेपर्यंत लागू झाली की तोंड आणि हात दोन्ही चालतात. तुमच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

खाली मांडी घालून, पलंगावर रेलून किंवा आरामखुर्चीत जेवू नये. पाठ सरळ असलेल्या खुर्चीत मागेपर्यंत बसावे, टेबल जवळ असावे, दोन्ही पाय टेकलेले असावेत. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. जेवणानंतर किमान अर्धा तास तसेच बसून राहावे, लगेच आडवे होऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधी उशा लावून जमेल तेवढे ताठ बसवावे, मगच तोंडात घास द्यावा.

मान मागे जाऊ देऊ नका. आपल्याकडे तांब्याने किंवा बाटलीने वरून पाणी ओतून पिण्याची सवय अनेकांना असते. त्यात मान मागे जाते, तोंड उघडे असते आणि पाणी थेट घशात पडते. कंपवातात ही सवय सोडलीच पाहिजे. अरुंद पेल्यातले शेवटचे घोटही मान मागे टाकूनच प्यावे लागतात. त्यापेक्षा रुंद तोंडाचे फुलपात्र बरे, तेही अर्ध्यावर आले की पुन्हा भरावे. गरम चहा बशीत ओतून भुरके मारत पितो तेव्हा घोटाबरोबर हवाही आत ओढली जाते, म्हणून चहा थोडा निवू द्यावा आणि कपातून लहान घोटांनी घ्यावा. स्ट्रॉ प्रत्येकाला चालतेच असे नाही, थेरपिस्टना विचारून वापरा. हनुवटी किंचित छातीकडे झुकवून गिळल्याने अनेकांना मदत होते, पण सगळ्यांना नाही. तेही आधी तपासून घ्यावे.

घास चहाच्या चमच्याएवढा असावा. तोंडात घेतला की नीट चावावा, ओठ मिटावेत, मनात ‘गिळ’ म्हणून जाणीवपूर्वक गिळावे, मग कोरडेच आणखी एकदा गिळावे. तोंड रिकामे झाल्याशिवाय दुसरा घास नको. जी हालचाल आपसूक होत नाही, ती लक्ष देऊन केली की कंपवातात पुष्कळदा जमते. म्हणूनच जेवताना टीव्ही बंद ठेवा आणि तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका. भरवणाऱ्याने उभे राहून भरवू नये, कारण वरून येणाऱ्या चमच्याकडे पाहताना रुग्णाची मान मागे जाते. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसून भरवावे.

मोठे जेवण एका बैठकीत संपवण्याचा आग्रह सोडा. तीन ताटांचे पाच-सहा छोटे आहार करा. थकलेला घसा जास्त चुकतो.

ताटात काय असावे

कंपवातात चार प्रकारचे पदार्थ त्रास देतात. पहिला प्रकार कोरड्या, भुगा होणाऱ्या पदार्थांचा: चिवडा, शेव, भडंग, कोरडी भाकरी, खारी, टोस्ट, रव्याचा भुसभुशीत लाडू. दुसरा चिकट पदार्थांचा: टाळूला बसणारा बेसनाचा लाडू, चिक्की, गोळा होणारी साबुदाण्याची खिचडी. तिसरा कडक किंवा निसटत्या दाण्यांचा: शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षे, मक्याचे दाणे. चौथा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात पातळ आणि घट्ट एकत्र असते: मिसळ, पाणीदार आमटीत कालवलेला मोकळा भात, फळांचे तुकडे घातलेले दूध, सांबारात तरंगणारी इडली. यात पातळ भाग आधी घशात धावतो आणि तुकडे तोंडातच राहतात. दोन्ही एकदम सांभाळणे मंदावलेल्या जिभेला जमत नाही.

आपल्या स्वयंपाकात याला भरपूर पर्याय आहेत. गुरगुट्या भात, घट्ट वरण आणि वर साजूक तूप. घोटलेली मुगाची खिचडी. गुठळी न होऊ दिलेले सैलसर पिठले. लाल भोपळा, दुधी किंवा पडवळ यांची पूर्ण शिजवून ठेचलेली भाजी. घट्ट शिजवलेले नाचणीचे सत्त्व, मऊ शिरा, कस्टर्ड, पिकलेल्या पपईचा गर. पोळी हवीच असेल तर तुकडे वरणात किंवा दुधात पूर्ण मुरू द्यावेत, वर सुटे पाणी राहता कामा नये. इडलीही सांबारात अशीच मुरवावी. भाजीत दाण्याचा कूट घालायचा असेल तर अगदी बारीक वाटून घालावा. काय कितपत मऊ हवे हे थेरपिस्टनी सांगितलेल्या पातळीनुसार ठरवा. कोणाला नुसती मऊ भाजी पुरते, कोणाला मिक्सरमधून काढून गाळलेलेच अन्न लागते.

उपवासाचा प्रश्न अनेक घरांत येतो. साबुदाण्याऐवजी मऊ शिजवलेली भगर आणि घट्ट, बारीक वाटलेली दाण्याची आमटी एकजीव करून देता येते. उपवास असला तरी औषधाची एकही मात्रा चुकवू नये. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने लाडू वाढणाऱ्यांना घरच्यांनीच प्रेमाने थांबवावे.

गिळणे अवघड झाले की खाणे कमी होते आणि वजन उतरते. म्हणून थोड्या खाण्यात जास्त पोषण कसे जाईल ते पाहा: खिचडीवर तूप, सत्त्वात दूध, भाजीत दाण्याचा बारीक कूट. प्रथिने आणि लेव्होडोपा यांची स्पर्धा असली तरी प्रथिने बंद करू नयेत. काहींना डॉक्टर त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायला सांगतात. त्यासाठी आहारतज्ज्ञांची मदत घ्या.

पाणी घट्ट करावे का?

पाणी वेगाने वाहते, म्हणून मंदावलेल्या घशाला ते सर्वांत कठीण जाते. त्यामुळे पातळ द्रव घट्ट करण्याची पावडर सुचवली जाते. याविषयी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ७११ जणांच्या एक्स-रे तपासणीत मधाइतक्या घट्ट द्रवाने श्वासनलिकेत जाण्याचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. त्यानंतर त्यांतल्या ५१५ जणांवर तीन महिने लक्ष ठेवले, तेव्हा न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. घट्ट द्रव घेणाऱ्यांत शरीरातले पाणी कमी होण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. ते चवीला आवडत नाहीत, म्हणून माणूस कमी पितो.

याचा अर्थ घट्ट द्रव निरुपयोगी आहेत असा नाही. ते कोणाला, किती घट्ट आणि किती दिवस द्यायचे, हे तपासणीनंतरच ठरवावे. घनतेसाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत ० ते ७ अशा पातळ्या आहेत. तुमच्या माणसाची पातळी कोणती, हे विचारून लिहून ठेवा. कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाच्या पिठाने द्रव घट्ट होतो, पण लाळेतल्या पाचकरसाने तो तोंडात पुन्हा पातळ होऊ लागतो. झँथन गमची पावडर या बाबतीत जास्त टिकते. द्रव घट्ट करायला लागलात तर दिवसभरात किती प्यायले गेले याची नोंद ठेवा. लघवी गडद झाली, बद्धकोष्ठ वाढले किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

गोळ्या गिळणे

गोळी घशात अडकली तर औषध वेळेवर लागू होत नाही, आणि औषध लागू झाले नाही तर गिळणे आणखी बिघडते. हे चक्र तोडायला हवे. पाण्याबरोबर गोळी उतरत नसेल तर शिजवलेल्या सफरचंदाच्या मऊ गरात ठेवून चमच्याने घेता येते. लेव्होडोपा दूध, दही किंवा पनीर यांच्याबरोबर घेऊ नये, कारण त्यांतली प्रथिने आड येतात.

प्रत्येक गोळी कुटता येत नाही. नावापुढे ‘सीआर’ असलेल्या, म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम सुटते. कोणती गोळी मोडता येईल, कोणती विरघळवता येईल, कोणत्या औषधाचा पातळ प्रकार किंवा त्वचेवर लावायचा पॅच मिळतो, हे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांना विचारून एका कागदावर लिहून घ्या. गिळता येत नाही म्हणून लेव्होडोपा अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. शरीर ताठरते, ताप चढतो, शुद्ध हरपू शकते. तोंडावाटे औषध जात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोळ्यांच्या वेळांचा कागद नर्सच्या हातात द्या आणि वेळा पाळायला सांगा. उलटीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे कंपवात वाढवतात. ती या रुग्णाला चालत नाहीत, हे त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहा.

तोंडाची स्वच्छता आणि लाळ

फुप्फुसात घासाबरोबर आणि लाळेबरोबर तोंडातले जंतू उतरतात. तोंड जितके स्वच्छ, तितका न्यूमोनियाचा धोका कमी. जपानमधल्या वृद्धाश्रमांतील एका अभ्यासात, जो १९९९ साली प्रसिद्ध झाला, रोज नीट तोंड स्वच्छ करून दिलेल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांना. ते सगळे कंपवाताचे रुग्ण नव्हते, पण धडा आपल्यालाही लागू पडतो. जेवणानंतर गालात बोट किंवा ओले कापड फिरवून उरलेले अन्न काढावे. दिवसातून दोनदा ब्रश करावा. कवळी रात्री काढून, घासून ठेवावी. चूळ भरताना ठसका लागत असेल तर पुढे वाकून, अगदी थोड्या पेस्टने ब्रश करावा. सैल झालेली कवळी दंतवैद्याकडून बसवून घ्यावी.

कंपवातात लाळ ओघळते ती जास्त तयार होते म्हणून नव्हे, वेळेवर गिळली जात नाही म्हणून. ओठ मिटून बसणे, मान खाली पडू न देणे आणि ठरावीक वेळाने आठवण करून गिळणे, याचा काहींना उपयोग होतो. त्रास जास्त असेल तर लाळग्रंथींत बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन हा उपचार उपलब्ध आहे. लाळ सुकवणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना विसराळूपणा आणि भ्रम होऊ शकतो, म्हणून त्या स्वतःहून घेऊ नयेत.

व्यायामाने फरक पडतो

श्वास सोडण्याचे स्नायू बळकट केले तर खोकल्याचा जोर वाढतो आणि गिळणेही सुधारू शकते. फ्लोरिडातील संशोधकांनी कंपवाताच्या ६० रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबाविरुद्ध जोराने फुंकण्याच्या छोट्या उपकरणावर रुग्णांनी चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम केला. त्यांचे गिळणे अधिक सुरक्षित झाल्याचे एक्स-रे तपासणीत दिसले. दाब किती लावायचा हे तज्ज्ञच ठरवतात. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर ते आधी सांगा. मोठ्या आवाजात बोलण्याच्या, जिभेच्या आणि जोराने गिळण्याच्या व्यायामांचाही उपचारात समावेश असतो. ते दिवसातल्या ठरलेल्या वेळी, ‘ऑन’ काळात आणि रोज करावेत. आठवड्यातून एकदा केलेल्या व्यायामाने काही साधत नाही.

घास अडकला तर

आपल्याकडे ठसका लागला की डोक्यावर थापटतात, ‘वर बघ’ म्हणतात आणि पाणी पाजतात. कंपवाताच्या रुग्णाला यातले काहीही करू नका. मान वर गेली की वाट आणखी मोकळी होते आणि अन्न खाली उतरते.

१. माणूस खोकत असेल, आवाज काढत असेल तर त्याला पुढे वाकवा आणि खोकू द्या.
२. आवाज निघत नाही, श्वास घेता येत नाही, चेहरा निळसर पडतो आहे, असे दिसले तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने जोरात पाच थापा मारा.
३. तरीही घास निघाला नाही तर मागे उभे राहा, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि झटक्याने आत-वर अशी पाच वेळा ओढा.
४. घास निघेपर्यंत पाच थापा आणि पाच झटके आलटून पालटून देत राहा. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.
५. शुद्ध हरपली तर जमिनीवर उताणे झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. तोंडात घास दिसला तरच काढा, अंदाजाने बोट घालू नका.

पोटावर झटके दिले असतील तर नंतर डॉक्टरांना दाखवा. मोठा ठसका लागून गेल्यावर पुढचे दोन-तीन दिवस ताप, धाप आणि खोकला यांवर लक्ष ठेवा. हे प्रथमोपचार प्रशिक्षित माणसाकडून एकदा शिकून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, स्वयंपाकाला किंवा सोबतीला येणाऱ्या ताईंनाही, दाखवून ठेवा.

नळीचा प्रश्न

आजार पुढच्या टप्प्यात गेला की नाकातून किंवा पोटातून नळी घालून अन्न द्यावे का, हा प्रश्न उभा राहू शकतो. नळीने पोषण आणि औषधे देता येतात. लाळ तरीही चुकीच्या वाटेने जाऊ शकते, म्हणून न्यूमोनिया पूर्णपणे टळतोच असे नाही. काही कुटुंबे नळी स्वीकारतात. काही कुटुंबे आवडीचे मऊ पदार्थ, धोका समजून घेऊन, थोडे थोडे भरवणे पसंत करतात. कोणता निर्णय बरोबर, हे बाहेरच्याने सांगू नये. हा विषय मात्र शुभार्थींना स्वतःचे मत नीट मांडता येते त्या काळातच काढावा. आयसीयूच्या दारात, घाईगर्दीत, त्यांच्या वतीने अंदाज बांधण्याची वेळ घरच्यांवर येऊ नये.

या आठवड्यात एवढे करा

गिळण्याच्या त्रासामुळे माणूस हळूहळू पंगतीतून उठतो. कपड्यांवर सांडेल, ठसका लागेल, लोक बघतील, या भीतीने तो एकटा जेवू लागतो. त्याला एकटे जेवू देऊ नका. सगळ्यांसाठी भाजी थोडी मऊ शिजवली आणि सगळे थोडे हळू जेवले, तर त्याचे ताट वेगळे दिसत नाही. वेळ लागतो म्हणून त्याच्यावर चिडू नका आणि त्याच्यासमोर घड्याळाकडे पाहू नका.

शुभार्थींनो, लाज बाळगून त्रास लपवू नका. शुभंकरांनो, आज वजन करून लिहून ठेवा, एका जेवणाकडे शेवटपर्यंत नीट लक्ष द्या आणि न्यूरॉलॉजिस्टच्या पुढच्या भेटीत गिळण्याच्या तपासणीचा विषय स्वतःहून काढा. तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्या. न्यूमोनिया झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होण्याआधी एक तास तज्ज्ञांसाठी काढणे केव्हाही हिताचे आहे.